भयपटाला लोक हसतात, कारण कूलर चालू असतो

प्रश्न नागपुरातल्या मनीषनगरच्या एका सोसायटीतून आला आहे. तळमजल्याचा हॉल, साठ-सत्तर माणसं, १२० इंची पडदा, गणपतीसाठी घेतलेले दोन मोठे स्पीकर आणि महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी साडेसातला पिक्चर. मार्च ते मे अशी तीन महिने फजिती झाली. भयपट लावला तर पोट्टे हसले, थरारपट लावला तर मध्यंतरानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, मारधाडीचा लावला तर ज्येष्ठ मंडळी पेंगली. प्रश्नकर्त्यांना आता “हमखास चालतील असे दहा पिक्चर” हवे आहेत.

दहा नावं मी देऊ शकतो, पण तुमच्या हॉलमध्ये तीही पडतील. पिक्चर बरे होते. ते ज्या गोष्टीच्या जोरावर चालतात ती गोष्ट तुमच्या हॉलमध्ये नव्हती. भयपटाला शांतता लागते, थरारपटाला सलग वेळ लागतो आणि मारधाडीला कोण कुठे उभा आहे ते दिसावं लागतं. किती सुधारता येईल हे हॉलवर, ऋतूवर आणि समोर कोण बसलंय यावर आहे. म्हणून आधी कारणं सांगतो, नावं ओघात येतीलच.

भयपटापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. एकदम दचकवणारा प्रसंग कसा रचतात ते बघा. आधी अर्धा-एक मिनिट आवाज खाली नेतात: पावलं, श्वास, दाराची करकर. तुमचा कान आपोआप ताणला जातो. मग एकाच क्षणात आवाज कितीतरी पट चढतो. दचकणं त्या फरकामुळे होतं, चेहऱ्याचा वाटा कमी. आता नागपुरातला मे महिना घ्या. हॉलमध्ये दोन मोठे डेझर्ट कूलर. जवळ उभं राहिलं तर त्यांची घरघर ६० डेसिबलच्या पुढे सहज जाते. कुजबुज आणि करकर त्याच्या खाली गाडली गेली. प्रेक्षकाचा कान ताणलाच गेला नाही, त्याला ऐकू आला फक्त शेवटचा धडामकन आवाज आणि दिसला रंग फासलेला चेहरा. तयारीविना आलेला रंग फासलेला चेहरा विनोदीच दिसतो. पोट्टे बरोबर हसले.

शांतता किती महत्त्वाची, त्यासाठी ‘महल’ (१९४९) आठवा. त्यातलं लताबाईंचं गाजलेलं गाणं लांबून येत येत जवळ येतं. त्यासाठी ध्वनिमुद्रणात त्यांना माइकपासून दूर उभं करून गात गात माइककडे चालत यायला लावलं होतं. ते अंतर हीच त्या प्रसंगाची भीती आहे. कूलरसमोर लावलं तर पहिल्या ओळी ऐकूच येणार नाहीत, गाणं एकदम मधूनच सुरू झाल्यासारखं वाटेल.

उपाय तसे सोपे आहेत. कूलर साडेसहालाच पूर्ण वेगात चालू करा, समोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर हवा खेळत नाही आणि नुसती दमट होते. साडेसातला वेग सगळ्यात कमी करा. पंप बंद करून काही साधत नाही, आवाज पंख्याचा असतो. कूलर पडद्याच्या बाजूला असतील तर उचलून मागच्या खिडकीत न्या. आणि भीतीच्या प्रसंगाआधी कुणाला उठून कूलर बंद करायला मात्र सांगू नका. कूलर थांबला की सगळ्या हॉलला कळतं की आता भूत येणार.

माझं स्पष्ट मत विचाराल तर नागपुरात मार्च ते जून भयपट लावूच नये. डिसेंबर-जानेवारी हा त्याचा हंगाम. कूलर बंद, खिडक्या बंद, सहा-साडेसहाला गडद अंधार आणि माणसं शाली गुंडाळून एकमेकांना चिकटून बसलेली. तोच पिक्चर दुप्पट चालतो.

हसण्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. दचकल्यानंतर लगेच जे सामूहिक हसू येतं ते यशाचं लक्षण आहे, सुटकेचं हसू आहे ते. दचकण्याआधी आलेलं हसू किंवा भुताचा चेहरा स्थिर दिसत असताना आलेलं हसू म्हणजे घोळ. पहिल्या प्रकारचं हसू दाबायला “शू, शू” करू नका. त्याने वातावरण जास्त मोडतं.

आता आवाजाच्या जोडणीकडे, कारण तुमच्या वर्णनात “संगीत फार मोठं, बोलणं ऐकूच येत नाही” असं एक वाक्य आहे आणि त्यात बरंच काही आलं. हल्लीच्या चित्रपटांचा आवाज ५.१ वाहिन्यांत, म्हणजे सहा वेगवेगळ्या स्पीकरांसाठी वाटलेला असतो आणि संवाद बहुतेक मधल्या वाहिनीत असतात. तुमच्याकडे डावा-उजवा असे दोनच स्पीकर. लॅपटॉप किंवा प्लेअर ५.१ पाठवत असेल आणि तुम्ही त्यातले फक्त डावे-उजवे उचलत असाल, तर संवादांची वाहिनी हवेत विरते. संगीत आणि गोळीबार तेवढा उरतो. प्लेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ करा, म्हणजे मधली वाहिनी दोन्हीकडे मिसळून येते. एवढं एक केलं तरी अर्धी तक्रार मिटेल.

उरलेलं: स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर, साधारण साडेचार-पाच फुटांवर, तोंड शेवटच्या रांगेकडे. एक पुढे एक मागे असं कधीच नको. गणपतीसाठी मिक्सरवर चढवलेला बास खाली आणा, बोलणं त्यातच गढूळ होतं. पातळी ठरवायची ती साध्या संभाषणावर. शेवटच्या रांगेत मोबाइलच्या ॲपवर ६५ ते ७० डेसिबल आलं की पुरे. ॲप दोन-चार डेसिबल इकडेतिकडे दाखवतं, तेवढं चालतं. मारधाडीच्या प्रसंगावर आवाज ठरवला की पुढचं सगळं बोलणं पुटपुटल्यासारखं होतं आणि मग कुणीतरी सारखा रिमोट घेऊन उठतो.

ब्लूटूथने स्पीकर जोडू नका. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने मागे पडू शकतो. संवादात ओठ आणि शब्द जुळत नाहीत, ते एकवेळ चालेल. पण भयपटात चेहरा आधी येतो आणि दणका नंतर. तार वापरा. तसंच ‘नाइट मोड’ नावाची सोय असते, जी बारीक आवाज वर आणते आणि मोठा खाली दाबते. मारधाडीसाठी, विशेषतः आसपासचे शेजारी चिडके असतील तर, ती चालू ठेवा. भयपटासाठी बंदच. जो फरक दिग्दर्शकाने मेहनतीने उभा केला तोच ती सपाट करते.

चित्राचंही थोडं. १२० इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) पडदा म्हणजे साधारण पावणेनऊ फूट बाय पाच फूट. एवढ्याला पूर्ण अंधारात फार ताकदवान प्रोजेक्टर लागत नाही. घेताना ‘एएनएसआय लुमेन’चा, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या उजेडाचा आकडा बघा, खोक्यावरचे नुसते ‘लुमेन’ बरेचदा फुगवलेले असतात. पण ताकद वाढवून काळा रंग काळा होत नाही. प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही. खोलीतल्या उजेडात पडदा जेवढा राखाडी दिसतो, तेवढाच तुमचा सगळ्यात गडद काळा. म्हणून जिन्यातला दिवा, पार्किंगचा बल्ब, पाण्याच्या कूलरवरचा इंडिकेटर, सगळं बंद करा किंवा झाका. मग पिक्चरमधला एखादा रात्रीचा प्रसंग थांबवा आणि बघा, काळ्या कपड्याच्या घड्या दिसतात का. दिसत नसतील तर ‘ब्राइटनेस’ वाढवू नका, त्याने सगळंच धुरकट होतं. ‘गॅमा’, म्हणजे गडद छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारी सेटिंग, २.२ वरून २.० वर आणा. ‘व्हिव्हिड’ मोड नको, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, ती मोठ्या पिक्चरलाही मालिकेची कळा आणते.

याच कारणाने ‘तुंबाड’ (२०१८) मला फार आवडत असूनही तुमच्या हॉलसाठी मी सुचवणार नाही. सगळा पाऊस, अंधार आणि कंदिलाचा उजेड. चांगल्या पडद्यावर त्यातला ओलावा अंगाला लागतो, राखाडी पडद्यावर नुसता चिखल दिसतो. शिवाय तो प्रौढांसाठीचा आहे आणि तुमच्याकडे पोट्टे पहिल्या रांगेत बसतात. ‘लपाछपी’ (२०१७) तुम्हाला जास्त सोयीचा. बराचसा दिवसाउजेडी, उसाच्या शेतात घडतो. ऊस डोक्याच्या वर गेला की आत काय आहे ते भर दुपारीही दिसत नाही. ही भीती आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आणि लोक हसणारच असतील, मुलं पुष्कळ असतील, तर हसण्यासाठीच केलेला भयपट लावा. ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये रामदास पाध्यांचा बाहुला आहे. लहानांना तो खरंच घाबरवतो, मोठ्यांना हसवतो, दोघांचे पैसे वसूल. त्याला दुय्यम समजू नका. एकाच दृश्यातून दोन वयांकडून दोन प्रतिक्रिया काढणं गंभीर भयपटापेक्षा सोपं नसतं.

थरारपटाकडे येतो. इथे दोन जाती आहेत आणि तुम्ही चुकीची जात लावली. एक धक्क्याची: शेवटच्या दहा मिनिटांत कळतं की खुनी भलताच होता. दुसरी ताणाची: प्रेक्षकाला धोका आधीच ठाऊक असतो, पात्राला नसतो. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब आहे हे न सांगता फोडला तर पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब आधी दाखवला आणि वर माणसं निवांत गप्पा मारताहेत, तर पंधरा मिनिटांचा ताण.

सोसायटीत धक्क्याची जात चालत नाही, त्याचं कारण अगदी घरगुती आहे. सत्तर माणसांत चार जणांनी पिक्चर पाहिलेला असतो आणि त्यातला एक काका मध्यंतरात समोसा खाता खाता शेजाऱ्याला सांगतोच. गेला पिक्चर. ताणाच्या जातीला ही भीती नाही. ‘दृश्यम’ (हिंदी, २०१५) मध्ये काय घडलं ते आपल्या डोळ्यांसमोर घडतं. पुढचे दोन तास आपण पोलिसांपेक्षा जास्त जाणतो आणि म्हणूनच घाम फुटतो. दुसऱ्यांदा पाहणाराही खुर्ची सोडत नाही. मी तर म्हणतो, दुसऱ्यांदा बघताना टिकत नाही तो थरारपट मुळात कोडं होता. कोडी मला आवडतात, पण सार्वजनिक पडद्यावर नकोत.

मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या होण्याचं दुसरं कारण घड्याळ. मेच्या मध्यावर नागपुरात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. पडदे घट्ट नसलेल्या हॉलमध्ये पावणेआठच्या आत चित्र नीट दिसत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे आणि बंद हॉलला सूट असली तरी आवाज बाहेर आला की शेजारी दार वाजवणारच. म्हणजे मध्यंतर धरून हातात सव्वादोन तास. ‘दृश्यम’ अडीच तासांच्या वरचा आहे, तो उन्हाळ्यात बसतच नाही. हिवाळ्यात साडेसहाला सुरू करता येतं, तेव्हा ठेवा. उन्हाळ्यासाठी पावणेदोन तासांच्या आतले शोधा. ‘इत्तेफाक’ (१९६९) एका रात्रीत, मुख्यतः एका घरात घडतो, एकही गाणं नाही. त्यात शेवटी धक्का आहे, हे खरं, पण मधला ताण इतका घट्ट आहे की काकांनी सांगितलं तरी फार बिघडत नाही. ‘कौन’ (१९९९) दीड तासाच्या आसपास, तीन पात्रं, एक घर, बाहेर पाऊस. त्याचं पार्श्वसंगीत मला नेहमी अतिच वाटत आलं आहे, सारखं खांद्यावर हात ठेवून “घाबर, घाबर” म्हणतं. पण कूलरच्या हॉलमध्ये तेच अति कामाला येतं. शेवट मात्र त्याचा नाजूक आहे, काकांना त्या दिवशी वेगळं बसवा.

परदेशी पिक्चर मध्यंतर धरून लिहिलेले नसतात. आपण तासाभराने कुठेही तोडतो आणि नेमका ताण सोडतो. आधी बघून जागा ठरवा. ‘सायको’ (१९६०) मध्ये गाडी दलदलीत बुडते तिथे थांबवा. एक गोष्ट तिथे संपते आणि “आता पुढे काय” हा प्रश्न पूर्ण उघडा असतो. ‘जॉज’ (१९७५) मध्ये तिघे जण बोटीने समुद्रात निघतात तिथे. पहिला भाग गावाचा, दुसरा समुद्राचा. या ‘जॉज’चं अजून एक: यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पिलबर्गला तो न दाखवता पाण्यातल्या हालचाली, पिंपं आणि संगीत यांवर काम भागवावं लागलं. शार्क धड दिसायला तासाच्या वर वेळ जातो आणि तोच पिक्चरचा प्राण ठरला. भूत लवकर आणि सारखं दाखवणाऱ्या दिग्दर्शकांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. ‘अ क्वायट प्लेस’ (२०१८) दीड तासाचा, तो तोडूच नका. त्या दिवशी चिवडा आणि वेफर्सचे पुडेही बंद, कारण आवाज न करणं हाच त्याचा विषय आहे. संत्रा बर्फी वाटा, ती खाताना आवाज होत नाही.

उशिरा येणाऱ्यांचं काय, असंही विचारलं आहे. ‘सायको’च्या वेळी हिचकॉकने नियमच केला होता की पिक्चर सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. सोसायटीत एवढं जमणार नाही, भांडणं होतील. पण दार पडद्याच्या बाजूला असेल तर ते बंद ठेवून मागचं दार उघडा. उशिरा येणाऱ्याची सावली निदान पडद्यावर पडणार नाही.

मारधाडीच्या पिक्चरवर थोडक्यात, कारण तिथे तुमचा दोष कमी आणि पिक्चरचा जास्त. ज्येष्ठ मंडळी पेंगतात ती मारामारीला कंटाळून नव्हे. डोळ्याला पत्ता लागत नाही की कोण कुठून आला आणि कुणाला लागलं. कॅमेरा हलतोय, अर्ध्या सेकंदाला दृश्य बदलतंय, नायक पन्नास जणांना मारूनही शर्टाची इस्त्री मोडत नाही. ज्याला इजाच होत नाही त्याची काळजी कोण करेल? माझी चाचणी अशी: आवाज बंद करून मारामारीची दोन मिनिटं बघा. दार कुठे, पायरी कुठे, हत्यार कुणाच्या हातात, हे कळलं तर पिक्चर लावा. ‘शोले’मधली आगगाडीची मारामारी या चाचणीत आजही उत्तीर्ण होते, डबे कुठे, घोडे कुठे, कोळसा कुठे, सगळं स्पष्ट. झटपट दृश्यं बदलणं हा दोष नाही. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) दोन तासांचा आणि त्यात सुमारे २,७०० कट आहेत, तरी डोळा थकत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट जवळपास प्रत्येक वेळी चौकटीच्या मध्यभागी ठेवली आहे. लहान पडद्यावर हा फायदा आणखी जाणवतो. उन्हाळ्यात कूलर चालू ठेवून लावण्यासारखा मारधाडीचा पिक्चर हाच. संवाद कमी आहेत, इंजिनं कूलरला सहज भारी पडतात. प्रमाणपत्र मात्र बघून घ्या, लहानांसाठी तो नाही.

सबटायटल्स लावणार असाल तर शेवटची रांग पडद्यापासून तीस फुटांच्या आत ठेवा आणि पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांत ओळी जातात. साठीच्या वरच्यांना पुढच्या तीन रांगा द्या. ते पेंगत होते त्यात याचाही वाटा असेल.

प्रमाणपत्राबद्दल: सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर नव्या पिक्चरांना यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे) ७+, १३+, १६+ असे वेगळे टप्पे आहेत. सूचना लावताना टप्पा लिहा, म्हणजे आईवडिलांचा रोष तुमच्यावर येत नाही. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) असेल तर मुलांना आत घेऊ नका, पालक सोबत असले तरी. आणि ओटीटीचं घरगुती खातं सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवण्यासाठी नसतं, तिकीट नसलं तरी. हक्कदाराची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या. जुन्या पिक्चरांना ती बरेचदा तुमच्या अंदाजापेक्षा सहज मिळते. आधी फोन तर करून बघा.

तेव्हा जूनसाठी ‘इत्तेफाक’ धरा, पावणेआठला सुरू, पन्नास मिनिटांनी मध्यंतर, साडेनऊ-पावणेदहाला घरी. त्याआधी एका संध्याकाळी चार जण बसून स्टिरिओची सेटिंग आणि काळ्या कपड्याची चाचणी उरकून घ्या. ‘लपाछपी’ आणि ‘दृश्यम’ डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये हॉलवर टिनाचं छत असेल तर मारधाडीशिवाय काही लावू नका. स्लॅब असेल तर ‘कौन’ लावा, बाहेर खरा पाऊस आला तर उत्तमच.